मीटर बदलला, तिसरी पिन तशीच

आमच्या बचत गटाची बैठक दुपारी तीनला असते. जेवणं उरकलेली, भांडी घासून झालेली आणि पोरं शाळेतून यायला अजून तासभर अवकाश. मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि विषय निघाला तो नव्या मीटरचा. इंदुरीत काय, तळेगावात काय, चार बायका जमल्या की हा विषय निघतोच. कुणी म्हणालं, नवा मीटर पळतो. कुणी म्हणालं, आधी पैसे भरा मग लाईट घ्या, असं होणार. एकीच्या दिरानं मोबाईलवर काहीतरी वाचलं होतं, ते तिनं जसंच्या तसं ऐकवलं. बोलता बोलता आवाज चढले.

कोपऱ्यात बसलेली एक मुलगी इतका वेळ गप्प होती. नवरा चाकणच्या कंपनीत, दोघं भाड्याच्या खोलीत राहतात. ती हळूच म्हणाली, "ताई, बिलाचं राहू द्या. आमच्या वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात. मी चप्पल घालूनच कपडे टाकते."

कुणी दचकलं नाही, हे मला जास्त लागलं. उलट तिच्या शेजारची म्हणाली, "आमच्या फ्रिजला पण येतात, पावसाळ्यात जास्त." तिसरीनं सांगितलं की गिझर बंद केल्याशिवाय त्या बादली भरून घेत नाहीत, सासूबाईंची तशी सक्त ताकीदच आहे. बघता बघता निम्म्याहून जास्त बायकांनी आपापल्या घरातली मुंग्या येणारी वस्तू सांगितली. म्हणजे बिलावर आम्ही तासभर भांडलो, आणि जीव जाऊ शकतो ती गोष्ट "असतंच की ते" म्हणून प्रत्येकीनं घरात सांभाळून ठेवलेली!

मैत्रिणींनो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. विज्ञान दहावीत सुटलं ते सुटलंच. पण त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जाईना. दोन वायरमनदादांना चहा पाजून प्रश्न विचारले, भाच्याची आयटीआयची पुस्तकं चाळली, आणि जे कळलं ते इथं मांडते आहे.

आधी मीटरचं. कारण बातमी त्याची आहे. जून 2024 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं होतं की सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत. त्यानंतर 2025 मध्ये जे मीटर घराघरांत लागू लागले ते 'टीओडी' मीटर, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली ते वेगवेगळं नोंदवणारे. बिल आधीसारखंच वापरानंतर येतं. आणि असा मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते एक रुपया सवलत, असं जुलै 2025 पासून महावितरणनं जाहीर केलं. तुमच्याकडे हा मीटर लागला असेल तर बिलावर ती सवलतीची ओळ दिसते का, ते चष्मा लावून बघा. दिसत नसेल तर विचारायला जा.

मी बसून हिशेब केला. घरात असणारी बाई दिवसाउजेडी काय काय हलवू शकते? वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर. सगळं मिळून दिवसाला एक-सव्वा युनिट धरा. महिन्याला पस्तीस-चाळीस युनिट. सवलत झाली तीस ते चाळीस रुपये. फ्रिज आणि पंखे दिवसा चालतातच, त्यांची थोडी भर आपोआप पडेल. वाईट नाही, एका दिवसाच्या दुधाचे पैसे सुटले. पण जी बाई पहाटे पाचला उठून डबा करून सातच्या कंपनीच्या बसला उभी राहते, तिचा मिक्सर आणि गिझर नऊनंतर कसा चालणार? तिच्या वाट्याला सवलत येते ती बंद घरातल्या फ्रिजची. सवलत ठरवताना असली बाई कुणाच्या नजरेसमोर नसते, हा नेहमीचा अनुभव.

मीटर पळतो अशी शंका असेल तर तक्रार करून तपासणी मागता येते. ते करा. पण त्या दुपारी मला जाणवलेली गोष्ट वेगळी होती. मीटर बदलायला आलेली माणसं मीटरपर्यंत येतात. जुना काढतात, नवा लावतात, फोटो घेतात आणि जातात. मीटरच्या पुढची वायर आपली, बोर्ड आपला, त्यात काही चुकलं तर तेही आपलंच. घरात नवा डिजिटल मीटर लुकलुकतो आणि त्याच्या मागे पंचवीस वर्षांपूर्वीचं वायरिंग, उंदरांनी कुरतडलेलं, भिंतीतल्या ओलीत भिजलेलं, तसंच असतं. ते तपासायला कुणी येत नाही. आपणही कुणाला बोलवत नाही.

आता त्या मुंग्यांकडे येऊ.

वीज घरात एका तारेनं येते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. येते ती फेज, परत जाते ती न्यूट्रल. जितकी आली तितकी परत गेली पाहिजे, आमच्या गटाच्या वहीसारखं. तिसरी तार असते ती अर्थिंगची, हिरव्या रंगाची. तिचं रोजचं काम काही नाही. ती एका टोकाला मशीनच्या लोखंडी अंगाला जोडलेली आणि दुसऱ्या टोकाला घराबाहेर जमिनीत पुरलेल्या पाइपला किंवा पत्र्याला. आत कुठं वायर सोलली, वीज मशीनच्या अंगावर उतरली, तर तिला जमिनीत पळून जायला सोपी वाट मिळावी, एवढ्यासाठी ती. ही तार नसेल तर वीज मशीनच्या अंगावर वाट बघत बसते. कुणाची? ओल्या हातानं झाकण उघडणाऱ्या बाईची.

थ्री-पिन प्लगमधली वरची जाड पिन बघितली आहे ना? ती इतर दोघींपेक्षा लांब असते. मला वाटायचं, प्लग उलटा लागू नये म्हणून. पण लांब ठेवली आहे ती अशासाठी की प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. कुणी तरी इतका विचार करून ती पिन घडवली, आणि आपण काय करतो? बोर्डाला दोनच भोकं आहेत म्हणून टू-पिनचं अ‍ॅडॉप्टर लावतो. काही घरांत तर ती पिन चक्क कापून टाकलेली मी पाहिली आहे. बरं, बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे, असंही नाही. तिसऱ्या भोकाच्या मागे तार असायला हवी, आणि त्या तारेच्या पलीकडे जमीन. बऱ्याच घरांत पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला तार गुंडाळून अर्थिंग केलं जायचं. ते तेव्हाही चुकीचंच होतं, कारण वीज उतरली की शेजारणीच्या नळाला शॉक. मग प्लॅस्टिकचे पाइप आले. तार गुंडाळलेली राहिली, पण ती आता जमिनीत जातच नाही.

जमिनीतला खड्डा असला तरी एकदा केला आणि विसरलो, असं चालत नाही. मे महिन्यात आमच्याकडचा मुरूम वाळून ठणठणीत होतो, त्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायची, ते उगीच नाही.

मुंग्या येतात याचा सरळ अर्थ, त्या वस्तूला अर्थिंग नाही. आज मुंग्या आहेत, उद्या आतली तार पूर्ण सोलली की तिथंच झटका. रबरी चप्पल वाचवते ती चप्पल आणि पाय कोरडे असेपर्यंत. मोरीत धुणं धुताना कोरडं काय असतं, ते तुम्हीच सांगा.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे ना!" हे मीही म्हणाले होते. छाती पुढे काढून म्हणाले होते. आमच्या घरात फ्यूज काढून एमसीबी बसवले तेव्हा मला वाटलं, आता चिंता मिटली. वायरमनदादा हसले आणि म्हणाले, "वहिनी, ते वायरीसाठी आहे. तुमच्यासाठी नाही."

हे मला इतकं नवीन होतं की मी कागदावर आकडे लिहून घेतले. गिझरचा एमसीबी 16 अँपिअरचा. म्हणजे तो आपणहून पडायला सोळा हजार मिलिअँपिअरच्या वर वीज वाहायला हवी. माणसाचं काय? दहा-पंधरा मिलिअँपिअर अंगातून गेली की स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडवत नाही. तीसच्या पुढे श्वास अडकू शकतो. पन्नास ते शंभरात हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. ओल्या हातानं 230 व्होल्टला धरलं तर अंगातून जाते ती साधारण दोनशे-सव्वादोनशे मिलिअँपिअर. बाई गेलेली असते आणि सोळा हजारांची वाट बघणाऱ्या एमसीबीला त्याचा पत्ताही नसतो. आपल्याकडे देवघरात लावायचा तो जुना 'झिरोचा' बल्ब आठवतो? तो नावालाच झिरो, खाणार पंधरा वॅट. त्याला लागते साधारण पासष्ट मिलिअँपिअर. म्हणजे एका झिरोच्या दिव्याला पुरते तेवढी वीज माणसाला पुरून उरते.

माणसासाठी असतं ते वेगळं यंत्र. आरसीसीबी त्याचं नाव, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात, तसे ते थोडे वेगळे पण काम तेच. आमच्या गटात मी ते असं समजावलं: आपली खजिनदार बघा, किती गेले आणि किती परत आले एवढंच ती सतत मोजत असते. फेजनं गेलेली आणि न्यूट्रलनं परत आलेली वीज यात तीस मिलिअँपिअरची तूट दिसली, की तिला कळतं, हे पैसे भलत्याच वाटेनं चाललेत. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती पेटीच बंद करते. भलती वाट म्हणजे ओली भिंत असेल, मशीनचं लोखंड असेल किंवा तुमचं अंग. अर्थिंग चांगलं असेल तर तुम्ही हात लावायच्या आधीच ती पडते. अर्थिंग नसेल तर तुमच्यातून वीज जाऊ लागल्यावर पडते, झटका बसतो पण जीव वाचतो. म्हणून दोन्ही हवीत, आणि एकच परवडत असेल तरी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. एक मात्र लक्षात ठेवा, एका हातानं फेज आणि दुसऱ्या हातानं न्यूट्रल धरलात तर या खजिनदाराला तूट दिसतच नाही. तिच्या भरवशावर पोरांना बोर्ड उघडू देऊ नका.

हे यंत्र म्हणजे चैन नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत, 2010 च्या आणि नंतर 2023 च्याही, अगदी छोट्या जोडण्या सोडल्या तर गळती झाल्यावर वीज तोडणारं असं उपकरण सांगितलेलंच आहे. नियम कागदावर आहे. आमच्या आळीत किती घरांत आहे ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आमच्या घरी ते बसवलं त्याची गोष्ट सांगते, कारण तुमच्याकडेही हेच होणार. बसवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पडलं. परत वर केलं, दुपारी पडलं. पाऊस सुरू झाल्यावर तर दिवसातून चारदा. घरात चिडचिड सुरू. आमचे हे म्हणाले, "पैसे देऊन कटकट विकत घेतलीस." शेजारच्या काकांनी सल्ला दिला, काढून टाका, आम्ही पण काढलं, तेव्हापासून त्रास नाही. मी वायरमनदादांना बोलावलं. एक-एक वायर सोडवत त्यांनी दीड दिवस शोधलं. मागच्या पडवीतल्या दिव्याला कुणी तरी कधी तरी न्यूट्रल दुसऱ्याच ठिकाणाहून दिली होती. आणि माळ्यावर, गोधड्यांच्या गाठोड्यामागे, उंदरानं कुरतडलेली वायर पत्र्याला टेकून बसली होती. पाऊस आला की पत्रा ओला, पत्र्याला लागून खालची कपडे वाळत घालायची तार, आणि त्या तारेवर रोज ओली साडी टाकणारी मी. ते यंत्र कटकट करत नव्हतं. ते महिनाभर ओरडून सांगत होतं आणि आम्ही त्याचाच गळा आवळायला निघालो होतो.

कपड्यांची तार! पावसाळ्यात धुणं वाळत घालताना शॉक लागून बाई गेली, तिला सोडवायला गेलेला मुलगा किंवा नवरा पण गेला, ही बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या गावाची दर पावसाळ्यात येते. तपशील बदलतो, तार तीच. उपाय इतका स्वस्त आहे की लाज वाटावी: लोखंडी तार काढा, नायलॉनची दोरी बांधा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात अपघाती मृत्यूंची मोजदाद असते. 2021 या एका वर्षात देशात वीजधक्क्यानं गेलेली माणसं बारा हजारांवर होती. त्यातल्या कितीजणी मोरीत, कितीजणी दोरीखाली, याची वेगळी यादी कुणी केली तर बरं होईल.

कुणाला शॉक लागलेला दिसला तर पहिला हात माणसाला लावायचा नाही, मेन स्विचला लावायचा. मेन लांब असेल तर कोरडं लाकूड, प्लॅस्टिकची खुर्ची, जे कोरडं मिळेल त्यानं तारेपासून दूर ढकलायचं. श्वास चालत नसेल तर छाती दाबणं सुरू करायचं आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगायचं. रस्त्यावर तुटलेली तार दिसली तर जवळ न जाता महावितरणला 1912 वर कळवायचं. हे नंबर गॅसच्या नंबरशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

आता त्या खोलीतल्या मुलीकडे परत जाते, कारण तिचं दुखणं आपल्यापेक्षा अवघड आहे. तळेगाव आणि चाकणच्या एमआयडीसीमुळे आमच्या भागात शेतांच्या बांधावर चाळी उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, पार बिहारमधून माणसं आली. आठ-दहा खोल्या, वर पत्रा, मालकाच्या नावावर एक मीटर आणि प्रत्येक खोलीला एक साधा सबमीटर. मी त्यातल्या काही खोल्या आता पाहून आले. एका बोर्डावर पंखा, टीव्ही, मिक्सर, पाणी तापवायचा रॉड, सगळं एकाच पट्टीला लटकलेलं. दीड हजार वॅटचा रॉड आणि त्याला लावलेली वायर मोबाईलच्या चार्जरला शोभेल अशी. पट्टीला हात लावला तर कोमट. अर्थिंगची तार शोधली, मालकीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मोटरीला आहे की!" मोटरीला आहे, माणसांना नाही.

आणि पैशाचा भाग ऐका. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत. पहिली शंभर युनिट स्वस्त, मग तीनशेपर्यंत दुसरा टप्पा, पुढे पाचशेपर्यंत, त्याच्या पुढे आणखी. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या वीजदरात दुपटीहून जास्त फरक आहे. एका खोलीत एक पंखा, एक दिवा, लहान फ्रिज, महिन्याला पन्नास-साठ युनिट. स्वतंत्र मीटर असता तर ती आयुष्यभर पहिल्या टप्प्यात राहिली असती. पण दहा खोल्यांची वीज एका मीटरमधून जाते, साठ दाहे सहाशे. स्वस्तातली शंभर युनिटं दहाजणींत वाटली जातात, बाकी सगळी महागाच्या टप्प्यातली. वर मालकाचे 'वरखर्च'. म्हणजे बंगल्यातली बाई एसी लावून भरते त्या दरानं ही बाई एका पंख्याचे पैसे भरते, आणि बदल्यात मुंग्या येणारं मशीन! नव्या मीटरची दिवसाची सवलत मिळाली तरी ती मालकाच्या बिलावर. सबमीटरला काय कळणार दुपार आणि रात्र?

2003 च्या वीज कायद्यातल्या 43 व्या कलमात जोडणी मागायचा हक्क जागेच्या मालकाला किंवा ताब्यात असणाऱ्याला, असं दोघांना दिलेला आहे. म्हणजे भाडेकरूही अर्ज करू शकतो. प्रत्यक्षात मालकाच्या संमतीशिवाय कागद पुढे सरकत नाही, आणि संमती मागितली तर "खोली खाली करा" हे उत्तर तयार असतं. मी मालकांना सरसकट दोष देत नाही. त्यातले कित्येकजण आमचेच भाऊबंद, जमीन गेली आणि चाळीच्या भाड्यावर घर चालतं. पण दहा खोल्यांचं भाडं घेणाऱ्याला एक अर्थिंगचा खड्डा आणि प्रत्येक खोलीला एक आरसीसीबी जड नाही, हेही तितकंच खरं. दोन खांबी आरसीसीबी दोन-अडीच हजारांच्या आसपास येतं. एका खोलीचं महिन्याचं भाडं त्याहून जास्त आहे.

15 जून 2025 ला, रविवारी, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत पडला आणि चार जीव गेले. आमच्या गावाला लागूनच ती जागा. पूल धोक्याचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पडल्यावर मग 'स्ट्रक्चरल ऑडिट' हा शब्द आम्हा बायकांच्याही तोंडी आला. वायरिंगचं ऑडिट मात्र होत नाही, कारण ते एका वेळी एकाच घरात पडतं. बातमी चार ओळींची येते, नाव न घेता "विवाहितेचा मृत्यू" म्हणून.

बचतीचं थोडक्यात सांगते, त्यावर रकानेच्या रकाने येऊन गेलेत. बिल कमी करायचं असेल तर चार्जर काढून ठेवण्यात शक्ती घालवू नका, पंख्याकडे बघा. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. दुसऱ्या टप्प्यात असाल तर दीडशे रुपयांच्या पुढे गेलं. दिवसाच्या सवलतीत महिनाभर धावपळ करून मिळाले होते तीस-चाळीस. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांनाही तारांकन सक्तीचं झालं आहे, दुकानात ते बघून घ्या. आणि पाणी तापवायला वीज हाच एक मार्ग आहे का, हेही बघा. आमच्याकडे अजून बंब आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात कंदील होता. गंमत अशी की आमच्याच मावळातल्या लोणावळा, वळवण, शिरवता इथल्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरवून 1915 सालीच मुंबईच्या गिरण्या विजेवर चालायला लागल्या होत्या. पाणी इथलं आणि उजेड घाटाखाली. इथल्या खेड्यांत खांब आले ते कित्येक दशकांनी. त्यामुळे की काय, सासूबाईंच्या पिढीला 'लाईट आली' याचंच इतकं अप्रूप की ती कशी आली, तार कुठून नेली, हे कुणी विचारलं नाही. 2005 नंतरच्या त्या भारनियमनाच्या वर्षांत आम्हीही तेच केलं. आली ना, मग झालं. आता काही घरांवर सौर पॅनेल लागताहेत, केंद्राच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे. एका घरी मी बघायला गेले. गच्चीवरच्या पॅनेलसाठी अंगणात अर्थिंगचे नवेकोरे खड्डे केलेले, वर झाकणं, रंग दिलेला. स्वयंपाकघरात गेले तर मिक्सरचा प्लग टू-पिनच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये. मालकीणबाईंना म्हटलं, अहो, गच्चीवर आहे ते इथं पण आणा की. त्या म्हणाल्या, ते ह्यांच्या हातात आहे, मला त्यातलं काही कळत नाही.

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं की आता मोजत नाही. दिवसभर विजेच्या वस्तूंना ओल्या हातानं भिडणार आपण, आणि बोर्डाच्या आत काय आहे ते माहीत असणार 'ह्यांना', जे संध्याकाळी सातला घरी येतात. त्यांनाही माहीत नसतं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या गटानं सुरुवात केली आहे. आरसीसीबीसाठी गटातून छोटं कर्ज द्यायचं ठरलं, सहा हप्त्यांत फेडायचं. काम परवानाधारक माणसाकडूनच, आणि काम झाल्यावर अर्थिंगची तपासणी यंत्रानं करून आकडा वहीत लिहायचा. ज्यांच्याकडे आरसीसीबी आहे त्यांनी दर महिन्याला हप्ता भरायच्या दिवशी सकाळी त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून बघायचं. दाबल्यावर ते पडलं पाहिजे. नाही पडलं तर ते शोभेचं आहे, बदलायला सांगायचं. पहिल्याच महिन्यात एकीचं नाही पडलं.

आणि ती चप्पल घालून कपडे टाकणारी? तिच्या खोलीतला सॉकेट वायरमनदादांनी उघडून दाखवला. तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हतं, एक कोळ्याचं जाळं तेवढं होतं. तूर्त तिला मशीन सुरू करून बाजूला व्हायला आणि प्लग काढल्याशिवाय आत हात न घालायला सांगितलं आहे. पुढच्या बुधवारी आम्ही चारजणी मालकीणबाईंकडे जाणार आहोत. त्या आमच्याच गावच्या, कडजाईच्या नवरात्रात दरवर्षी आमच्याबरोबर फुगड्या घालणाऱ्या. ऐकतील असं वाटतं. नाही ऐकलं तर ग्रामसभा आहेच.